चिलटाचं कूळ

माझ्या टेबलावरच्या कुंडीत रोपापेक्षा चिलटं जोमानं वाढली. काळी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. पुस्तक उघडलं की ओळीवर येऊन बसत आणि उठताना एक काळा ठिपका ठेवून जात. 'दर पंधरा दिवसांनी थोडे खत' या वाक्यात मला एकदा स्पष्ट 'खंत' दिसली.

"कुंडीला पाणी कमी घाल," आई म्हणाली. इतका साधा उपाय मला पटणं शक्यच नव्हतं.

मी व्हिनेगरची वाटी ठेवली. तीन दिवस टेबलाला आंबट वास आला, चिलटांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मैत्रीण म्हणाली, "फंगस नॅट असतील, ओल्या मातीतल्या बुरशीवर वाढणारी चिलटं." एका शहाण्यानं दोन थेंब रॉकेलचा सल्ला दिला. शेवटी म्हटलं, शत्रूचं नाव कळल्याशिवाय लढायचं कसं? भिंग आणलं, पिवळं चिकट कार्ड आणलं. त्यावर पहिलं माझं कोपर अडकलं, मग केस, आणि संध्याकाळी एकदाचं चिलट.

भिंगाखाली ते भलतंच ऐटबाज निघालं. धुरकट पंखांवर फिकट ठिपके, काळ्या कापडावर ब्लीच उडावं तसे. मागच्या पंखांच्या जागी दोन इवल्या मुठी, तोल सांभाळायला. म्हणजे गण डिप्टेरा, द्विपंखी. इथवर माशी आणि डासही याच घरातले. खरी मेख शिंगांत, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांत. फंगस नॅटची शिंगं लांब, मणी ओवल्यासारखी. याची इतकी आखूड, की मी आधी तुटली असतील असं समजले. आखूड शिंगांचे ते ब्रॅकिसेरा. त्यातलं एफिड्रिडी कूळ: शोअर फ्लाय, किनाऱ्यावरची माशी. माझ्या टेबलाला किनारा कुठून आला, ते पुढे कळलं.

गंमत म्हणजे एकाच कुंडीत राहूनही फंगस नॅट हिची लांबची. जवळची कोण, तर पिकल्या फळांवर घोंगावणारी ड्रोसोफिला! दोघींचं महाकुल एकच, एफिड्रॉइडिया. त्या बहिणीच्या जिवावर आनुवंशिकतेचे अभ्यासक मॉर्गन यांना 1933 मध्ये नोबेल मिळालं. ही माझ्या पुस्तकात अनुस्वार देत बसली आहे.

पण कूळ ऐरंगैरं नाही. सुमारे दोन हजार जाती. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकच्या खारट, क्षारयुक्त पाण्यात हिची एक नातलग अंगाभोवती हवेचा बुडबुडा घेऊन तळापर्यंत चालत जाते. दुसरीच्या अळ्या चक्क कच्च्या खनिज तेलाच्या डबक्यात पोहतात आणि तेलात अडकून मेलेले किडे खातात. आणि मी हिला दोन थेंब रॉकेलनं घाबरवणार होते.

आमच्या घरातल्या शाखेच्या अळ्यांना मात्र शेवाळ लागतं. सतत ओली माती, वर हिरवा तवंग. मी कुंडीत बोट घातलं. चिखल. हाच तो किनारा, मीच रोज दोन तांबे ओतून घडवलेला.

तरी शोध तो शोध. कार्ड घेऊन मी आईकडे धावले. "आई, ही साधी चिलटं नाहीत! एफिड्रिडी आहेत!"

आईनं चष्मा वर करून कार्डाकडे पाहिलं, मग कुंडीकडे.

"बरं. मग एफिड्रिडीला पाणी कमी घाल."