उजळ माथा, सावळी मान

चेहऱ्यावर लावायचे फाउंडेशन घ्यायचे ठरले की ते त्वचेच्या रंगाशी जुळावे की बायोडेटातील रंगाशी, असा प्रश्न पडतो. सुज्ञ वाचकांनी बायोडेटाच प्रमाण मानावा. घरच्या मंडळींनी एकमताने 'निमगोरा' असे लिहून तो कागद वधूवर सूचक मंडळात देऊन ठेवला आहे; आता केवळ त्वचा सहकार्य करत नाही म्हणून दिलेला शब्द मोडणे बरे दिसत नाही. (फेअर अँड लव्हली या क्रीमने २०२० साली नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' घातले खरे, परंतु ती वार्ता स्थळे सुचवणाऱ्या आत्याबाईंपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.)

खरेदीसाठी सांगलीच्या हरभट रस्त्यावर दिवे लागल्यानंतरच जावे. दुकानातील पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली सगळेच रंग समजूतदार दिसतात. बाटली दाराशी नेऊन उन्हात पाहू द्या, असा हट्ट धरू नये. ऊन या गावात फुकट मिळते, त्याच्या मताला किंमत ती काय द्यायची? जबड्याच्या कडेवर तीन शेडच्या रेघा ओढाव्यात आणि जी रेघ गाल व मान या दोन्हींत मिसळून दिसेनाशी होईल ती आपली समजावी, असा एक नियम मेकअप शिकवणाऱ्या बायका सांगतात. पैसे मोजून आणलेली वस्तू दिसूच नये, यासाठी आपल्याकडे कोणी खर्च करते का? त्यापेक्षा मनगटाची आतली बाजू पुढे करावी. तिने जन्मात ऊन पाहिलेले नसल्यामुळे ती बायोडेटाशी तंतोतंत जुळते.

अंडरटोन हे प्रकरण तर मुळीच मनावर घेऊ नये. दोघींचा रंग सारखाच गडद असला, तरी एकीच्या त्वचेत पिवळी झाक असते व दुसरीच्या गुलाबी, म्हणून दोघींना एकच बाटली चालत नाही, असे जाणकार म्हणतात. आपल्याकडे पिवळसर झाक पुष्कळ जणींना असते, आणि तिच्यावर गुलाबी शेड बसली की चेहरा भस्म फासल्यासारखा राखाडी दिसतो. तरीही घ्यावी गुलाबीच. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सांगलीत हळदी समारंभात अंगभर पिवळे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पिवळेपणा लपवण्यासाठी हजारभर रुपये मोजायचे, यातील सुसंगती सासरच्यांना बरोबर कळते.

फाउंडेशन लावल्यावर त्वचेच्या तेलात मिसळून दहा-पंधरा मिनिटांत थोडे गडद होते, म्हणून तेवढे थांबून मग निर्णय घ्यावा, असेही सांगितले जाते. एवढा वेळ कोणाला आहे? सरळ दोन शेड उजळ घ्यावे. गडद होऊन होऊन होईल किती! रिहाना या गायिकेच्या फेंटी ब्युटीने २०१७ साली एकदम ४० शेड बाजारात आणल्या होत्या, पण एवढ्या निवडीने माणूस गोंधळतो. आपल्या दुकानदाराने ती काळजी आधीच घेतलेली असते: आयव्हरी आणि बेज पुढच्या फळीवर, आणि गडद शेड 'मागवावी लागेल'. आपण चिकाटी धरलीच, तर तो म्हणतो, "ताई, डार्क कशाला दाखवू? तुम्ही कुठे एवढ्या सावळ्या आहात?" इतक्या आपुलकीने बोलणाऱ्या माणसाला पैसे न देता बाहेर पडणे शक्य नसते.

लग्नासाठी घेत असाल, तर एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा गुण, असलेले पाहून घ्यावे. त्यातील टायटॅनियम डायऑक्साइड कॅमेऱ्याचा फ्लॅश परतवून लावते आणि फोटोत चेहरा अशा तेजाने पांढरा पडतो की अल्बम पाहणाऱ्यांची निमगोऱ्याविषयीची शंका कायमची फिटते. मानेचा प्रश्न ठुशी आणि चिंचपेटी मिळून सोडवतात. हातांवर कोपरापर्यंत मेंदी आणि वर हिरवा चुडा असतोच. उरले फक्त कान. पण कानांकडे निरखून पाहतात त्या केवळ जाऊबाई, आणि त्यांनीही शेड तीच लावलेली असते.