खुलासा: पट्टी मारली म्हणजे क्रँक वाचली असं नाही

इंदुरात जुने ट्रॅक्टर हौसेने बाळगणाऱ्या आपल्या मंडळींत एक निरोप फिरतोय: टर्बो चढवलेल्या इंजिनाच्या मेन बेअरिंग कॅपवर (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, जागेवर धरणारी टोपी) जाड लोखंडी पट्टी कसा आणि ३००० आरपीएमला बिनधास्त पळवा. हे अर्धंच खरं आहे.

पट्टी कॅपला हलू देत नाही, मान्य. पण बोल्टचा ताण बदलला की बेअरिंगचं भोक किंचित लंबगोल होतं. म्हणून पट्टी बसवून, पूर्ण टॉर्क देऊन (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून), मग भोकं गोल आणि एका रेषेत आहेत का ते तपासायचं, लागलं तर लाइन बोअरिंग (सगळी भोकं एका रेषेत कापून घेणं) करायचं. माझ्या इंजिनात ते राहिलं. चेंबर उघडलं तर मधल्या शेलवर (बेअरिंगच्या पातळ अस्तरावर) एका कडेने वरचा थर झिजून तांबं उघडं पडलेलं, नखाला ओरखडे लागत होते. (बिलात मात्र लाइन बोअरिंग होतं!)

आणि वेगाचं म्हणाल, तर २००० वरून ३००० वर गेलं की पिस्टन-रॉडच्या जडत्वाचा भार दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. तो आधी पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या बोल्टांवर येतो, तिथे पट्टी काय करणार? बिडाची कॅप वेल्डिंगने जाड करा म्हणणाऱ्याला तर चहा पाजून परत पाठवा. बीड वेल्डिंगने सहज तडकतं.