नीट मोजलेत ना?

साडेअठरा दिवसांच्या उंदराच्या गर्भाच्या बरगड्या मोजत होते. कूर्चा अल्शन ब्ल्यूने निळी, हाडं अलिझारिन रेडने लाल, सगळा सांगाडा ग्लिसरीनमध्ये काचेसारखा. हे काम दिवसाचं नाही, आठवड्याचं. मांस विरघळवणाऱ्या 1 टक्का कॉस्टिक पोटॅशमध्ये गर्भ एक रात्र जास्त राहिला तर बरगड्या सुटून तळाशी बसतात. मग मोजा काड्या. त्यातून हा गर्भ होक्स 10 गटातले (होक्स म्हणजे शरीराचा कुठला भाग कुठे, हे ठरवणारे जीन) ए, सी, डी हे तिन्ही जीन दोन्ही प्रतींत मोडलेला. तिन्हींची एकेक प्रत मोडलेले आईबाप घेतले तर असं पिल्लू सरासरी 64 मध्ये 1.

आणि नेमके तेव्हा शेजारच्या विभागातले सर आले.

"काय मोजताय?"

"बरगड्या."

"बारा जोड्या असतात."

"माणसाला, सर. उंदराला तेरा."

"म्हणजे उंदीर आपल्या एक पाऊल पुढे!" स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसले. "बरं, बरगडीचा जीन कुठला?"

असा जीन नसतो, सर. उंदराच्या गर्भात दर दोन तासांनी कायखंडांची, म्हणजे ज्यांतून पुढे मणके बनतात त्या गोळ्यांची, एक जोडी सुटते आणि सुटतानाच पत्ता घेऊन येते: मानेचे सात, छातीचे तेरा, कमरेचे सहा, त्रिकाचे, म्हणजे कमरेखालचे, चार. पत्ता लिहितात 39 होक्स जीन. चार गुणसूत्रांवर ते ज्या क्रमाने बसलेत, त्याच क्रमाने डोक्याकडून शेपटीकडे चालू होतात. होक्स 10 चं काम कमरेला 'इथे बरगडी नको' सांगण्याचं. एक मोडला तर उरलेले दोघे बरंचसं सांभाळून घेतात. तिन्ही मोडले की कंबरच राहत नाही, त्रिकाच्याही पलीकडे बरगड्या.

"म्हणजे 'नको' म्हणायला तीन माणसं नेमलीत. 'हो' कोण म्हणतं?"

राग याचाच आला, की प्रश्न चांगला होता. होक्स 6 म्हणतो. होक्सबी6 भावी मणक्यांच्या ऊतीत सगळीकडे चालू ठेवला, तर उंदराला मानेपासून शेपटीपर्यंत बरगड्या फुटतात. हे 2010 साली दाखवलंय. एवढं सांगेपर्यंत सरांनी डोकं हलवून विषय बदललाही होता.

"जिराफाला मग मानेत पंचवीस तरी मणके असतील."

"सात."

"नीट मोजलेत ना?"

हे मला! सहाव्या मानमणक्याखालचे दोन उंचवटे शोधून, तिथून खाली मोजत आणलेल्या मला! पहिला मणका चुकला की पुढचे सगळे चुकतात, म्हणून ती खूण आधी धरायची असते. छातीच्या दुसऱ्या मणक्याचा उंच काटा ही दुसरी खूण. सस्तन प्राण्यांत सातचा नियम मोडणारे दोनच, झाडावरचा स्लॉथ आणि पाण्यातला मॅनटी, हेही सांगायचं होतं. पण जाता जाता सरांनी टेबलावर कोपर टेकलं, बशी हलली, आणि एकोणिसाव्या बरगडीवर धरलेली माझी सुई ग्लिसरीनमध्ये कुठल्या कुठे गेली.

पुन्हा सहावा मणका. उंचवटे दोन. सातवा.