उन्हाळी लागणं, ‘उष्णता’ आणि एक फॉरवर्ड

मार्च लागला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्याचं सार असं: सारखी उन्हाळी लागते, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन होतं, त्याला कारण अंगातली उष्णता, अस्वच्छता आणि बाहेरचे संडास. उपाय म्हणून सब्जा आणि खाण्याचा सोडा घालून पाणी प्या, खास वॉशने आतून धुवा, मागच्या वेळची गोळी पुन्हा घ्या आणि जळजळ थांबली की बंद करा. शेवटी ‘हे बायकांचंच दुखणं, प्रत्येक भगिनीला पाठवा.’ मी लॅबमध्ये लघवीची कल्चरं लावते, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून ओळखते. हा मेसेज मनावर घेतलेल्या बायकांची सॅम्पलं माझ्याच टेबलावर येतात, म्हणून हे उत्तर.

आधी उष्णता. उन्हातान्हात पाणी कमी पडलं की लघवी पिवळीधमक होते, थोडी आगही होते, आणि दोन तांबे पाणी पोटात गेलं की बरं वाटतं. याला कोण नाही म्हणतंय? पण ते इन्फेक्शन नव्हे. इन्फेक्शन जंतूंनी होतं, आणि बहुतेक वेळा ई. कोलाय या आपल्याच आतड्यातल्या जंतूने. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी लांब, त्यामुळे त्याला मूत्राशय गाठायला फार वेळ लागत नाही. प्लेटवर संध्याकाळी लघवी पसरून ठेवली तर सकाळी गुलाबी ठिपक्यांची दाटी झालेली असते. सब्जाने ती दाटी हटत नाही. पाण्याने मात्र फरक पडतो. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या बायकांना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावून पाहिलं, तर त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा सब्जाचं पाणी खुशाल प्या, गुण पाण्याचा आहे. सोडा मात्र नको. त्यात सोडियम असतं, बीपीवाल्यांना ते बाधतं, आणि जंतू त्याने मरत नाहीत.

‘अस्वच्छता’ या शब्दाचा मला खरा राग येतो. आधीच ठणका, त्यात घरच्यांची ‘नीट धूत जा’ची टोचणी. वारंवार त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांच्या सवयी शेजारी ठेवून पाहिल्या, तर धुण्या-पुसण्याच्या सवयींत म्हणण्यासारखा फरक सापडत नाही. फरक सापडतो तो शरीरसंबंध किती वेळा येतो त्यात, शुक्राणुनाशक जेली वापरण्यात, आईलाही हाच त्रास होता का यात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीतले लॅक्टोबॅसिलस हे राखणदार, चांगले जंतू कमी होतात आणि ई. कोलायला जागा मोकळी मिळते. त्यासाठी डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, त्याचा उपयोग होतो हे नीट तपासलेलं आहे. आणि आतून वॉशने धुतलं की हेच राखणदार धुऊन निघतात. म्हणजे मेसेजमधला उपाय उलटा पडतो.

बाहेरच्या संडासाच्या सीटवरून लघवीचं इन्फेक्शन सहसा होत नाही. बाधतं ते संडास नसणं. एसटीचा लांबचा प्रवास किंवा बाजारातला दिवस असला की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची चळवळ उगाच नाही उभी राहिली.

आता गोळी. ‘अहो ताई, कालच जुनी गोळी घेतली, आज बरं वाटतंय, आता सॅम्पल देऊ का?’ हे मी सारखं ऐकते. मावशी, सॅम्पल गोळीच्या आधी हवं होतं. गोळी पोटात गेली की प्लेटवर बरेचदा काही उगवत नाही, जंतू मात्र आत असू शकतो. आम्ही प्लेटवर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीला अगदी चिकटून जंतू वाढलेले असतात, असं आपल्याकडे नेहमी दिसतं. ती जुनी पट्टी म्हणजे बरेचदा हीच गोळी. अर्ध्यात सोडलेल्या कोर्सबद्दल तर बोलायलाच नको.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर त्याला वारंवार म्हणतात. मग दर वेळी कल्चर करावं. औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परतला, तर खडा आहे का, लघवी पूर्ण होते का, हे सोनोग्राफीत बघतात. शुगरही तपासतात. लघवीत पस सेल, म्हणजे पुवातल्या पेशी, भरपूर पण कल्चरमध्ये काहीच नाही, असं पुन्हा पुन्हा झालं तर आपल्या देशात मूत्रमार्गाचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. उलट काही त्रास नसताना रिपोर्टात जंतू दिसले, तर गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला पेशंट सोडला तर सहसा औषध देत नाहीत.

राहिलं ‘बायकांचंच दुखणं’. पुरुषांत कमी, पण साठीनंतर प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली की त्यांनाही होतं. तान्ह्या मुलाला नुसता ताप असतो, जळजळ सांगणार कोण? थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, म्हणजे किडनीपर्यंत गेलंय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आजोबांच्या लघवीतून काही न दुखता रक्त गेलं, तर ती उष्णता समजून धने-जिऱ्याचं पाणी देत बसू नका. त्यात मूत्राशयाचा कॅन्सर नाही ना, हे आधी बघून घ्यावं लागतं.