घरबसल्या दलाल व्हा

सर्वांत आधी फोनमधली सगळी नावं वरपासून खालपर्यंत नीट पाहून घ्या. आत्या, मामेभाऊ, ऑफिसातले जोशी, गॅसवाला. आजवर तुम्ही या लोकांकडे माणसं म्हणून पाहत होता. चूक होती. एकेक नाव दीड हजाराचं आहे.

मलाही हे २०२४च्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. क्रेडिट कार्डाच्या एका अ‍ॅपवर रंगीत पेटी उघडली, कागदी फुलं उडाली आणि अक्षरं आली : ‘मित्राला जोडा, १,५०० रुपयांची भेट मिळवा.’ भेट म्हटलं की आपण विरघळतोच. नागपुरात खामल्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी त्या पेटीला बोटानं टिचकी मारली, आणि तिथून पुढची कथा थेट सीएच्या टेबलावर संपते.

सुरुवात साळ्यापासून करावी. तो नाही म्हणू शकत नाही.

“भाऊजी, याला फी वगैरे नाही ना?”

“अरे फ्री आहे बावा!”

फ्री होतंच. पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षाचं मी वाचलं नव्हतं, तुम्हीही वाचू नका. वाचल्यानं साळे कमी होतात.

मग ऑफिस, मग सोसायटी, मग बायकोच्या भिशीतल्या दोघी. मी तर सकाळी तर्री पोहे खाता खाता ठेलेवाल्यालाही लिंक दाखवली. तो तर्री ओतत म्हणाला, “भाऊ, पोहे खा ना, माझं डोकं काहून खाऊन राहिले?” तेव्हा मला वाटलं, या माणसाला प्रगती नकोच आहे.

मार्चपर्यंत अकरा जण झाले. अकरा गुणिले दीड हजार, साडेसोळा हजार. पैसे बँकेत येतील असं समजू नका, तेवढे भाबडे तुम्ही नसालच. व्हाउचर येतं. तेही एकाच ऑनलाइन दुकानाचं, आणि नव्वद दिवसांत वापरायचं. माझ्या सात व्हाउचरांतून चार जोडी बूट आणि एक बॅग आली. उरलेली चार व्हाउचरं मुलीच्या दहावीच्या गडबडीत मरण पावली. कस्टमर केअरला विचारलं तर चॅटमधल्या यंत्रानं सांगितलं, ‘तुमची गैरसोय आम्हाला समजते.’ त्याला समजते!

पॅन नंबर मागितला की ताबडतोब द्या. दिला नाही तर वीस टक्के कर कापतात. दिला तर लक्षात ठेवतात.

आता करनियोजन. इथे माझ्यासारखा अभ्यास हवा. भेटीचा नियम मला पाठ होता : नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपर्यंत भेट आली तर कर नाही. कंपनी माझी नातेवाईक नाही, आणि साडेसोळा म्हणजे पन्नासच्या कितीतरी आत. म्हणून ऑगस्टमध्ये आयकर विवरणपत्र भरताना ही रक्कम मी दाखवलीच नाही, आणि त्या रात्री मस्त झोपलो. तुम्हीही असंच करा. झोप फार महत्त्वाची.

डिसेंबरात आयकर खात्याचा मेसेज आला. तुमच्या विवरणपत्रात आणि आमच्याकडच्या माहितीत फरक दिसतो, तपासून घ्या. हिवाळी अधिवेशन सुरू, बर्डीवर मोर्चे, अर्धे रस्ते बंद, आणि मी स्कूटर ढकलत धरमपेठेत सीएकडे. त्यांनी पोर्टलवर वार्षिक माहितीपत्रक उघडलं. त्यालाच सगळे एआयएस म्हणतात. तिथे माझ्या भेटीची नोंद होती, पण भेट म्हणून नव्हती.

कमिशन किंवा दलाली. आयकर कायद्याचं कलम १९४एच.

दलाली! मी! अरे, जाहिरातीत फुलं उडवताना ‘भेट’, साळ्याला गळाला लावताना ‘भेट’, आणि सरकारला कळवताना ‘दलाली’? एकाच रकमेला दोन नावं, आणि दोन्ही वेळा सोयीचं नाव कंपनीचं. सीए शांतपणे म्हणाले की कंपनीचं चूक नाही. तुम्ही त्यांना गिऱ्हाईक आणून दिलं, त्याबद्दल मोबदला मिळाला. कामाचा मोबदला भेट कशी होईल? कमिशन वर्षाला १५ हजारांच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावाच लागायचा. एप्रिल २०२५पासून ती मर्यादा २० हजार झाली, पण तुमचा धंदा त्याआधीचा. दर आधी पाच टक्के होता, ऑक्टोबर २०२४पासून दोन. म्हणून ३३० रुपये कापलेत, नशीब समजा. धंदा! दहा जणांवर थांबलो असतो तर बरोब्बर पंधरा हजार, टीडीएस नाही. अकरावा कोण होता माहीत आहे? वहिनीचा भाऊ. त्याला मी दोनदा घरी जाऊन ओटीपी विचारला होता.

(टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असंही नसतं म्हणे. उत्पन्न ते उत्पन्नच. पण आपण सल्ला देतोय, ज्ञान नाही.)

बरं, दाखवायचं कुठे? आमच्या सीएंनी ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’मध्ये टाकलं. ऑफिसातल्या जोशींचे सीए म्हणतात, कमिशन म्हणजे व्यवसाय, पगारदारांचा साधा ‘सहज’ फॉर्म चालत नाही, धंदेवाल्यांचा आयटीआर-३ भरा. छोट्या धंदेवाल्यांसाठी जी सोपी पद्धत आहे, ती कमिशनवाल्यांना मिळत नाही. म्हणजे पानठेलेवाल्याला हिशेब सोपा, आणि ‘हे कार्ड घे ना रे’ असं अकरा वेळा बोललेल्या माणसाला नफातोटा पत्रक! आणि हे कुठे, तर नागपुरात. छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे, देशभरातले आयकर अधिकारी तिथे शिकून बाहेर पडतात. त्याच गावात मी भेट आणि दलाली यांतला फरक बूट विकत घेऊन शिकलो.

मेलेल्या चार व्हाउचरांचं काय? सहा हजार मला मिळालेच नाहीत. एआयएसवर अभिप्राय देता येतो, तो दिला : ‘माहिती पूर्णपणे बरोबर नाही.’ तो अभिप्राय खात्रीसाठी कोणाकडे जातो? ज्या कंपनीनं माहिती दिली तिच्याकडेच. कंपनीनं उत्तर दिलं, माहिती बरोबर आहे. संपला विषय.

कलमं पाठ करून ठेवा, असा सल्ला देणार होतो. पण १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा. आता १९४एच वगैरे जाऊन, पगार वगैरे सोडून टीडीएसचं बाकी सगळं कलम ३९३ मध्ये.

शेवटचा हिशेब. वीस टक्के स्लॅबनं ३,३०० कर, त्यावर चार टक्के उपकर १३२. एकूण ३,४३२, त्यातून कापलेले ३३० वजा, भरले ३,१०२. सुधारित विवरणपत्राची सीएंची फी २,५००. साळ्याच्या कार्डाची दुसऱ्या वर्षाची फी मीच भरली, ती सांगत नाही, कारण हे बायको वाचते.

आता सरळच बोलतो. कराबद्दल माझी तक्रार नाही. पैसे कमावले, कर लागला, ठीक. कंपनीला मात्र एकच सांगायचं आहे : दलालच नेमायचे असतील तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ‘दलाली’ लिहा. ‘आमचं कार्ड विका, आम्ही सरकारला कळवू, कर तुम्ही भरा’, असं लिहा. लाज वाटते ना लिहायला? म्हणून फुलं उडवता. जाहिरात, सेल्समन, ऑफिसचं भाडं, सगळं वाचवून तुम्ही माझ्या बायकोचा भाऊ वापरता आणि वरून मला बूट देता!

आणि आपण? आपणही काही कमी भैताड नाही. बापाला फोन करायला वेळ नसतो आणि वहिनीच्या भावाकडे ओटीपीसाठी दोनदा जातो. माणसांचे नंबर विकले आपण. मी विकले. साळा आता फोन उचलतो, पण ‘हं, बोला’ म्हणतो. आधी ‘भाऊजी!’ म्हणायचा.

काल जोशींचा मेसेज आला. खाली लिंक, वर रंगीत पेटी. उत्तर दिलं नाही, सकाळी पोहे खायला गेलो. ठेलेवाल्यानं पायातल्या बुटांकडे पाहिलं आणि तर्री जरा जास्त घातली.