‘पुडी पकडायला ट्रेनिंग कशाला?’ या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘पोलिसांचे ड्रग्ज ट्रेनिंग, जनतेच्या पैशाची उधळपट्टी’ असं त्याचं शीर्षक. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गुन्हेगार पकडायला अनुभव लागतो, वर्ग लागत नाहीत. जुने हवालदार पुडी जिभेला लावून माल ओळखायचे. आरोपी सुटतात ते कायद्याच्या पळवाटांमुळे आणि पैसे चारल्यामुळे, तिथे ट्रेनिंग काय करणार? दोन फटके दिले की कबुली मिळते आणि केस तिथेच संपते. आणि शेवटी, सोलापुरात असं आहेच काय, ही मुंबई-पुण्याची थेरं.

मी तो दोनदा वाचून सोडून दिला होता. मग माझ्या जाऊबाईंनी तो त्यांच्या मुलाला पाठवला. माझा हा पुतण्या फौजदार आहे आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या तपासाच्या प्रशिक्षणासाठी त्याचं नाव लागलंय. मेसेजखाली जाऊबाईंनी लिहिलं होतं, ‘बघ लोक काय म्हणतात. रजा टाक, जाऊ नकोस.’ मी अनेक वर्षं सत्र न्यायालयात सरकारी पक्षाचं काम केलंय, त्यात एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, खटलेही चालवलेत. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

जिभेचं आधी. हा मुद्दा लोक कौतुकाने पुढे पाठवतायत आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पांढरी किंवा मळकट पांढरी पूड किंवा खडे असतात. केटामाइनही पांढरं. कोकेनही पांढरं. तुरटीची पूडही पांढरीच. जिभेला त्यातलं काय कळणार? आणि जे कळेल ते कळेपर्यंत माणूस शुद्धीवर राहील का? फेंटानिलसारख्या पदार्थाचे दोन मिलीग्रॅमही जीव घेऊ शकतात. हा सल्ला एखाद्या नव्या शिपायाने खरा मानला तर त्याच्या आईला काय सांगणार आहात?

कोर्टात तर त्याची किंमत शून्य आहे, उलट नुकसानच. जागेवर वापरायचं रासायनिक किटसुद्धा फक्त संशय पक्का करतं. पदार्थ कोणता हे न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो. तो अहवाल ज्या नमुन्यावर येतो तो नमुना कुणी, कुठे, कसा काढला हा खटल्याचा गाभा असतो. या कायद्याच्या कलम 52अ प्रमाणे मुद्देमालाची यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर व्हायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मोहनलाल प्रकरणात सांगितलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने त्याचे सविस्तर नियमच काढले: नमुने दुहेरी, साधारणपणे प्रत्येकी 5 ग्रॅम, पण गांजा, चरस आणि अफूचे 24 ग्रॅम. ‘पुडी फोडून चव घेतली’ असं पिंजऱ्यात उभं राहून सांगणाऱ्या अंमलदाराला बचावाचा वकील पुढचा प्रश्न विचारतो: म्हणजे सील लावायच्या आधी पुडी उघडली होती तर? तिथून सरकारी वकिलाला सावरणं फार अवघड जातं. मी त्या खुर्चीत बसलेय.

आता पळवाटांचं. मेसेजमधला हा सगळ्यात घातक भाग आहे, कारण तो वाचून माणसाला वाटतं की कायदाच गुन्हेगाराच्या बाजूचा आहे. एनडीपीएस कायदा 1985 चा. व्यापारी प्रमाणात, म्हणजे त्या-त्या पदार्थासाठी ठरवलेल्या वजनाच्या वर, माल सापडला तर शिक्षा किमान 10 आणि कमाल 20 वर्षं, वर किमान एक लाख रुपये दंड. कलम 37 मुळे अशा प्रकरणात जामीन जवळपास मिळतच नाही. कलम 35 आणि 54 मुळे, माल तुमच्या ताब्यात मिळाला हे सिद्ध झालं की तुम्हाला तो माहीत होता असं न्यायालय गृहीत धरतं; नव्हता माहीत, हे तुम्ही सिद्ध करायचं. एवढा कडक कायदा केल्यावर संसदेने त्यात काही कुंपणं घातली. उद्या कुणी वैर काढायला तुमच्या मुलाच्या गाडीच्या डिकीत पाकीट टाकलं, तर त्याच्या आणि वीस वर्षांच्या मध्ये तेवढीच उभी असतात. त्यांना पळवाटा म्हणणाऱ्यांनी हे एकदा स्वतःच्या घरावर घेऊन पाहावं.

त्यातलं मुख्य कुंपण कलम 50. अंगझडती घ्यायच्या आधी संशयिताला सांगावं लागतं की तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असा तुला हक्क आहे. 1999 मध्ये बलदेव सिंग प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे बजावलं. तरी ‘साधारण पालन झालं, चालेल’ असे निकाल येत राहिले. म्हणून 2010 मध्ये विजयसिंह चंदुभा जडेजा प्रकरणात पुन्हा घटनापीठ बसलं आणि त्याने सांगितलं की साधारण पालन चालणार नाही, हा हक्क सांगणं बंधनकारक आहे. तो सांगितला नाही तर अंगझडतीत मिळालेला माल संशयास्पद ठरतो आणि केवळ त्यावर दिलेली शिक्षा टिकत नाही. ज्याला या विषयावर एकच निकाल वाचायचा असेल त्याने हा वाचावा. ट्रेनिंग का हवं याचं उत्तर त्यात आहे.

कारण हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड आहे. एका मोटारसायकलवर तीन पोरं सापडली आणि तिघांना मिळून एकच पत्र दिलं, तर ते चालत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र सांगावं लागतं, हे परमानंद प्रकरणात 2014 मध्ये ठरलंय. ‘नाहीतर आम्हीच झडती घेऊ का?’ असा तिसरा पर्याय पोलिसाने आपणहून पुढे केलेलाही तिथे चाललेला नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची. उलट, माल पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा गाडीच्या सीटखाली मिळाला आणि अंगावर काहीच नसेल, तर कलम 50 मुळात लागतच नाही. हा फरक माहीत नसलेला तपासी अंमलदार दोन्हीकडून चुकतो: जिथे पत्र द्यायचं तिथे देत नाही, आणि जिथे गरज नाही तिथे अर्धवट पत्र देऊन बचावाच्या हातात कोलीत देतो.

आणि आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबईत छापलेल्या नमुना-पत्रात नसते. हक्क सांगायचा तो समोरच्याला समजेल अशा भाषेत. इथे यंत्रमागावर काम करणाऱ्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्याची कन्नड असते, कुणाची दखनी उर्दू. मराठीत छापलेलं पत्र हातात कोंबून अंगठा घेतला की काम झालं, असं समजणारे अंमलदार मी पाहिलेत. उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो, ‘आरोपीला मराठी वाचता येतं हे तुम्ही कशावरून ठरवलंत?’ आणि साहेब छताकडे बघतात.

कलम 42 चं दुखणं वेगळं. बातमी मिळाली की ती लगेच लिहून काढायची, तिची प्रत 72 तासांच्या आत वरिष्ठांना पाठवायची, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचं असेल तर का ते आधी लिहून ठेवायचं. ‘साहेबांना फोनवर कळवलं होतं’ एवढ्यावर भागत नाही. कागद लागतो.

वजनाचंही ऐका, कारण हे कुणी बोलत नाही. गांजाचं व्यापारी प्रमाण 20 किलोच्या वर सुरू होतं. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया तिच्यात येत नाहीत. माझ्यासमोरच्या एका खटल्यात पोती बारदानासकट तोलली होती. काटा शेजारच्या किराणा दुकानातला, काटेवालाच पंच. वजन 21 किलोच्या थोडं वर. शेंडे किती, देठ-पाला किती, बारदान किती, पंचनाम्यात अवाक्षर नाही. आरोपी दोषी ठरला, पण मधल्या प्रमाणासाठी, म्हणजे दहा वर्षांची किमान शिक्षा त्याला लागूच झाली नाही. त्या अंमलदाराने पैसे खाल्ले नव्हते. रात्रभर पाळत ठेवून त्याने माल पकडला होता. त्याला फक्त कुणी शिकवलं नव्हतं.

एमडीचा हिशेब पुन्हा निराळा: तिथे भेसळीसकट एकूण वजन धरायचं, असं 2020 च्या हीरा सिंग निकालाने ठरवलंय, आणि व्यापारी प्रमाण 50 ग्रॅमच्या वर सुरू होतं. गांजा तोलायची सवय झालेला हात इथे सहज चुकतो.

पैसे चारण्याच्या आरोपाला मी खोटं म्हणणार नाही. असं होतं, कोर्टात वावरलेल्या कुणालाही ते नाकारता येणार नाही. आणि हेही मान्य की प्रत्येक चुकीने आरोपी सुटत नाही. 52अ चं पालन राहिलं तरी बाकीचा पुरावा भक्कम असेल तर खटला टिकू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये भारत आंबाले प्रकरणात म्हटलंय. पण विकला गेलेला अंमलदार मुद्दाम चूक करतो तेव्हा ती ‘अज्ञानातून झाली’ या पडद्याआड लपते. सगळ्यांना नीट शिकवा, मग हा पडदा राहत नाही. भ्रष्टाचाराचा त्रास असलेल्यांनी तर ट्रेनिंगची मागणी करायला हवी.

दोन फटक्यांवर फार शाई घालवत नाही. पोलिसासमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, नव्या साक्ष अधिनियमात 23 आहे. अमली पदार्थ विभागांच्या अधिकाऱ्यांनाही हेच लागू असल्याचं 2020 च्या तोफान सिंग निकालाने स्पष्ट केलं. मारून मिळतं ते फक्त मारल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि ते आरोपीच्या कामाला येतं.

‘सोलापुरात आहेच काय’ हे लिहिणारा माणूस सोलापूरचा असूच शकत नाही. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतून टनांनी मोजावं लागेल एवढं इफेड्रिन, म्हणजे नशेचे पदार्थ बनवायला वापरतात ते रसायन, पकडलं, देशभर त्याची चर्चा झाली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच चिंचोळीत मुंबई गुन्हे शाखेने एमडीचा कारखाना उघडकीला आणला. हैदराबाद-पुणे महामार्ग आपल्या दारातून जातो आणि आंध्र-ओडिशाच्या सीमेवरचा गांजा पश्चिमेकडे याच वाटेने येतो. आपल्याकडे बंद पडलेली शेड भाड्याने देताना कोण काय विचारतं? कारखान्यावर छापा घालणं म्हणजे पानटपरीवर पुड्या पकडणं नव्हे. आत ज्वालाग्राही द्रावणं, विषारी वाफा, चालू भट्टी. दिव्याचं बटण दाबावं की नाही इथपासून शिकावं लागतं. पिंपावरचं लेबल वाचून हे रसायन नियंत्रित यादीतलं आहे का, त्याची नोंदवही कुठे, ते कुणाकडून आलं, हे जागेवरच विचारता आलं नाही तर मजूर तुरुंगात जातो आणि पैसे घालणारा मोकळा राहतो. कलम 27अ त्याच्यासाठी आहे. ते लावायला बँक खाती आणि मोबाइलचा पुरावा वाचता यावा लागतो.

राहिला अनुभव. अनुभवाला मी हात जोडते. खबऱ्या कुठला खरा, कोण टेहळणी करतोय, हे जुन्या हवालदाराइतकं कुणाला कळत नाही. पण मेफेड्रोन या कायद्याखाली आलं 2015 मध्ये. तक्रारदार अधिकाऱ्यानेच तपास केला तर खटला कोसळतो असा निकाल 2018 मध्ये आला आणि 2020 मध्ये घटनापीठाने तो फिरवला. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केलं. केगावच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात भरतीवेळी घेतलेलं मूळ प्रशिक्षण यातलं काहीच सांगू शकत नव्हतं, कारण तेव्हा हे नव्हतंच.

मेसेजमध्ये एक ओळ मात्र खरी आहे: ‘दोन दिवस स्लाइडा दाखवतात आणि प्रमाणपत्र देतात.’ काही ठिकाणी तसंच होतं. पुतण्याला मी कळवलंय की तिथे गेल्यावर तीन गोष्टी मागून घे. कलम 50 चं पत्र तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. प्रत्यक्ष पोती तोलून, नमुने काढून, सील लावून पंचनामा लिहिण्याचा सराव. आणि बचाव पक्षाच्या एखाद्या मुरलेल्या वकिलाकडून तासभर उलटतपास, सगळ्यांसमोर. शिकून आलेल्या अंमलदाराला महिनाभरात बंदोबस्ताला किंवा वाहतुकीला पाठवतात, ते थांबवा, किमान दोन वर्षं त्याला याच कामावर ठेवा, अशी मागणी ज्यांना आयुक्तालयात किंवा अधीक्षक कार्यालयात नेऊन द्यायची असेल त्यांच्या अर्जावर सही करायला मी तयार आहे.