उसाच्या बिलावर आलेले तिकीट

२०२५च्या जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली आणि बघता बघता ‘समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा’ अशी तिची बातमी झाली. विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा छापायचा नाही, असा खुलासा मंत्रालयाने केला. पण तोवर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटला होता आणि काही ना काही निमित्ताने तो अजून पेटतो. ‘आमच्या ताटात काय असावे हे सरकारने सांगू नये, पणजोबा रोज गूळ खाऊन म्हातारे झाले,’ असे माझ्या पुतण्याने लिहिले आणि त्यावर सगळ्यांनी हात जोडले. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, रात्री जागून मी त्याला लांबलचक उत्तर लिहिले.

पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, गूळ खात हे खरेच आहे. पण ते दिवसभर औतामागे चालत, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खात आणि चहा त्यांच्या आयुष्यात उशिराच आला. त्यांच्या गुळाचा दाखला देऊन आज दिवसाला पाच कप गोड चहा, बिस्किटे आणि थंड पेये पचवता येतील असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. ते सगळे स्वतःच्या निवडीने आजारी पडले, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी ज्या देशात राहते तिथेही एके काळी असेच होते. १९७०च्या सुमारास पूर्वेकडच्या उत्तर कारेलिया भागातले ऐन कर्ते पुरुष हृदयविकाराने पटापट मरत असत. लोणी, साईचे दूध, मीठ आणि तंबाखू हीच त्यांची रोजची राहणी होती. १९७२मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे काम सुरू झाले. मार्था या गृहिणींच्या संघटनेतल्या बायकांनी गावोगावी एकत्र स्वयंपाक करून भाज्या घातलेले पदार्थ लोकांना जेवू घातले, सॉसेजच्या कारखान्याने चरबीचा काही भाग काढून त्या जागी अळंबी घातली, आणि पुढे दूधउत्पादकांना बेरीच्या लागवडीकडे वळवण्यासाठी सरकारी पैसाही आला. सुमारे ४० वर्षांत त्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. शाळेत सर्व मुलांना फुकट जेवण तर १९४८पासूनच आहे. माझी मुलगी रोज अर्धे ताट भाज्यांनी भरते, सोबत राय नावाच्या धान्याचा पाव घेते, आणि पालकसभेत ‘आमचे ताट आमचे’ असे कोणी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. रायच्या त्या काळ्या, आंबूस पावाला २०१७मध्ये इथल्या लोकांनी राष्ट्रीय पदार्थ म्हणून निवडले. आपण मात्र भाकरीला गरिबाचे अन्न ठरवून पोळीवर गेलो आणि आता तीच भाकरी हॉटेलात चुलीचे चित्र लावून महाग विकतो.

हे सगळे मी गटावर लिहिले. इथे मधल्या काळात लोणी पुन्हा वाढले आणि मिठाईवरचा कर २०१७मध्ये रद्द झाला, हे मात्र मी लिहिले नाही.

मग मी उसावर आले. आमचे गाव माढा तालुक्यातले. उजनीचे पाणी येण्यापूर्वी आमच्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी ज्वारी होत असे, तीही नुसत्या जमिनीतल्या ओलीवर. माणसाला दाणे आणि जनावरांना कडबा, असे एकाच पेऱ्यात दोघांचे भागत असे. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि तेवढा काळ पाणी मागत राहतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा आमच्या कालव्याकाठी ऊस हिरवागार होता. चहातला जादा चमचा केवळ रक्तात जात नाही, तो दुसऱ्या जिल्ह्याच्या घागरीतूनही जातो, असे मी लिहिले, आणि ते मला आजही खरे वाटते.

पुतण्याने गटावर उत्तर दिले नाही, फोन केला. “आत्या, ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. ऊस कारखाना तोडून नेतो आणि त्याचा दर कायद्याने ठरलेला असतो. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र आमच्या गरजेच्या वेळी उघडे नसते. तुम्हाला भाकरी खावीशी वाटते, पण पिकवायची आम्ही.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आणि तुमचं तिकीट कशातून निघालं होतं, ते आजोबांनी मला सांगितलंय.”

ते तिकीट उसाच्या बिलातून निघाले होते. पुण्याचे वसतिगृह, परीक्षांची फी, विमानाचे पैसे, सगळे त्याच हिरव्या रानातून आले. वडिलांनी मालदांडी सोडून ऊस लावला तो माझ्या शिक्षणासाठी, आणि मी ज्या ठिकाणाहून त्यांच्या पिकाला दोष देते तिथवर मला त्याच पिकाने आणून सोडले. हेलसिंकीतल्या हाकानिएमी भागातल्या दुकानातून ज्वारीचे पीठ आणून भाकरी थापताना आपण अजून गावाचे आहोत असे मला वाटते, पण गावात आता घरोघरी ती भाकरी थापली जात नाही, आणि जी गावात नाही तिला गावाचे म्हणण्याचा माझा हक्क किती, हे मला कळेनासे झाले आहे.

त्या फोनवर मी एक एकर मालदांडी लावण्यासाठी त्याचा तोटा भरून द्यायची तयारी दाखवली. त्याने नको म्हटले, आणि ते रागाने म्हटले नाही. “त्या बेरी कोण विकत घेत होतं, ते सांगा,” असे तो म्हणाला. “इथल्या शाळेत मुलांना रोज तांदूळच मिळतो. आपल्या रानातली ज्वारी शाळेने घेतली, तर मी उद्या ऊस मोडतो.” ज्वारीच्या पट्ट्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तांदळाची पोती उतरतात, हे माझ्या लांब उत्तरात कुठेच नव्हते.